एका फुटाला एक पौंड



लंडनमध्ये रीजंट्स पार्कला लागून ऑल्बनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९३०च्या दशकात या रस्त्यावर एका मोटार-गॅरेजच्या माडीवर एका खोलीचा स्टुडिओ होता. मँचेस्टरचे एक चित्रपट-वितरक जॉन ब्लेकली आपली मंडळी घेऊन तिथे आले, तेव्हा त्यांच्या हाताशी ३,००० पौंड आणि दोन आठवडे होते. खाली इंजिनं घरघरायची. ती थांबल्याशिवाय वर शॉट घेता येत नसे. मुख्य नट होता विगन या खाणगावातला एक गाणारा विदूषक. लांबोळा चेहरा, पुढे आलेले दात आणि छातीशी धरलेलं उकुलेलेच्या जातीचं छोटं तंतुवाद्य. त्याला आणि त्याच्या बायकोला मिळून १०० पौंड आणि नफ्यातला दहावा हिस्सा, असं ठरलं होतं. चित्रपटाचं नाव 'बूट्स! बूट्स!'. तो १९३४ साली आला. नटाचं नाव जॉर्ज फॉर्म्बी.

या चित्रपटाला गोष्ट अशी जवळजवळ नाहीच. जॉन विली नावाचा पोऱ्या हॉटेलात पाहुण्यांचे बूट पुसतो, सगळ्यांच्या शिव्या खातो आणि संधी मिळाली की गातो. भांडी घासणारी स्नूकी ही त्याची मैत्रीण. ती भूमिका फॉर्म्बीची बायको बेरिल हिने केली आहे. ती मुळात लाकडी तळव्यांचे बूट घालून नाचणारी, उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांतल्या नाचाची कलावंत. दोघं स्वयंपाकघरात असतात, तो तारा छेडतो, ती नाचते. कॅमेरा जागचा हलत नाही. प्रकाश सपाट, मागची भिंत पुठ्ठ्याची आहे हे उघड दिसतं. पण त्या माणसाचा उजवा हात बघावा! तारांवरून तो इतका झरझर फिरतो की बोटं दिसेनाशी होतात, आणि चेहऱ्यावर मात्र भाव असा की हे सगळं आपल्या हातून चुकून होतंय. पाच-सहा वर्षांत हाच फॉर्म्बी ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त गर्दी खेचणारा नट झाला. त्या पुढच्या चित्रपटांवर खर्च कितीतरी अधिक झाला आणि त्यांची सफाईही मोठी आहे. पण बायकोनवऱ्याची ती रंगमंचावरची जोडी बघायची, तर गॅरेजच्या माडीवरच जावं लागतं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी जुनी रिळं धुंडाळण्यात आणि जपण्यात हयात घालवली. कुणी टाकून दिलेलं रीळही ते आधी बघत आणि मग बोलत. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी असे चित्रपट निवडले आहेत, ज्यांच्याविषयी लोक न बघताच बोलत आले: १९२९ ते १९३७ या काळातले, बोलपट नुकताच आला असतानाचे, ब्रिटनमधले स्वस्तातले विनोदी चित्रपट. त्या देशातल्या चित्रपटाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुतेक वेळा लाज वाटल्यासारखा येतो. आज इथे मांडायचं आहे ते याच्या उलट. या चित्रपटांच्या गरिबीनेच एक मोठी गोष्ट सांभाळून ठेवली, आणि ती श्रीमंत चित्रपटांना सांभाळता आली नसती.

आधी या गरिबीचं मूळ बघू. ते एका कायद्यात आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या पडद्यावर हॉलिवूडचं राज्य होतं. १९२५-२६च्या सुमारास तिथे दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत स्वदेशी चित्रपटांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उरलं होतं. अमेरिकन कंपन्या एक लोकप्रिय चित्रपट हवा असेल तर त्याच्याबरोबर न बनलेले डझनभर चित्रपटही आधीच थिएटरवाल्याच्या गळ्यात मारत. त्यामुळे महिनेच्या महिने पडदे आधीच विकलेले असत आणि ब्रिटिश निर्मात्याला जागाच मिळत नसे. शिवाय पडद्यावर जे दिसतं त्याची बाजारात मागणी वाढते, ही काळजी व्यापाऱ्यांना होती. साम्राज्यातली प्रजा अमेरिकन टोप्या आणि अमेरिकन मोटारी मागू लागेल, ही सरकारला. डिसेंबर १९२७मध्ये सिनेमॅटोग्राफ फिल्म्स ॲक्ट मंजूर झाला आणि एप्रिल १९२८पासून तो अमलात आला. न बनलेले चित्रपट गठ्ठ्याने विकण्याला त्याने आळा घातला. आणि कोटा ठरवला: वितरकाने आपल्या मालात पहिल्या वर्षी साडेसात टक्के ब्रिटिश चित्रपट ठेवायचे, थिएटरवाल्याने पाच टक्के दाखवायचे, आणि हे प्रमाण चढत चढत दशकाच्या मध्यापर्यंत २० टक्क्यांवर न्यायचं. ब्रिटिश चित्रपट कुणाला म्हणायचं, तेही कायद्याने सांगितलं. कंपनी साम्राज्यातली हवी, स्टुडिओतलं चित्रण साम्राज्यात झालेलं हवं, कथालेखक ब्रिटिश हवा आणि पगारापैकी पाऊण हिस्सा ब्रिटिश प्रजाजनांच्या हाती पडायला हवा.

चित्रपट किती खर्चाचा असावा, हे मात्र कुठेही लिहिलं नव्हतं. लांबी मोजली होती, दर्जा मोजला नव्हता.

अमेरिकन वितरकांनी यातून आपला मार्ग काढला. पॅरामाउंटने एल्स्ट्रीच्या स्टुडिओवाल्यांशी करार केला, फॉक्सने वेम्बलीत बस्तान बसवलं, वॉर्नरने टेम्सकाठचा टेडिंग्टनचा स्टुडिओ ताब्यात घेतला. एमजीएमसारख्यांनी बाहेरच्या छोट्या निर्मात्यांना कामं वाटली. धंद्यात एक दर रूढ झाला: फुटाला एक पौंड. आपल्याकडे कापड गजाने विकत तसा तिथे चित्रपट फुटाने विकला जाऊ लागला. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे सहा हजार फूट लांबीचा, तासाहून थोडा मोठा चित्रपट तयार करून दिला की निर्मात्याच्या हातात सहा हजार पौंड. कथेचा मोबदला, नटांचे पैसे, सेट, कच्ची फिल्म, ध्वनियंत्रणेचं भाडं, स्टुडिओचं वीजबिल, सगळं त्यातच, आणि उरेल तो नफा. त्यामुळे दहा-बारा दिवसांत चित्रीकरण आटपायचं आणि दुसऱ्यांदा शॉट घ्यायचा म्हणजे छातीत धस्स व्हायचं. या चित्रपटांना 'कोटा क्विकी' हे नाव पडलं, म्हणजे कोट्यापुरते झटपट उरकलेले. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या 'एम्पायर' या चित्रपटगृहात असले चित्रपट सकाळी, झाडणाऱ्या बायका खुर्च्यांखालचा कचरा काढत असताना दाखवून कायद्याची भरती करत, असं तेव्हापासून सांगितलं जातं.

पण एम्पायर म्हणजे ब्रिटन नव्हे. १९३४ साली त्या देशात चित्रपटांची ९० कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. ती काही एकट्या वेस्ट एंड या लंडनच्या थिएटरांच्या भागात खपली नाहीत. लँकेशरच्या गिरणगावांत, यॉर्कशरमध्ये, लंडनच्या पूर्व भागात लोक आठवड्यातून दोनदा, तीनदा थिएटरात जात. एका तिकिटात दोन चित्रपट बघायला मिळत, आणि त्यातला दुसरा बहुधा हाच स्वस्तातला स्वदेशी असे. स्टीव्ह चिबनॉल यांनी २००७ साली कोटा क्विकींवर पुस्तक लिहिलं आणि या उपनगरांतल्या, परगण्यांतल्या प्रेक्षकाला इतिहासात जागा करून दिली. हा प्रेक्षक पडद्यावर कुणाला बघत होता? तर ज्याला त्याने आदल्याच वर्षी गावच्या म्युझिक हॉलमध्ये किंवा समुद्रकाठच्या सुट्टीत प्रत्यक्ष पाहिलं होतं, त्यालाच.

म्युझिक हॉल हे मराठी रसिकाला फार दूरचं वाटू नये. एकामागून एक कलावंत येतो, आपला पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा करतो आणि जातो. गाणं, नाच, सोंग, बतावणी, द्वयर्थी बोलणं, पुढच्या रांगेतल्या माणसाला नाव घेऊन छेडणं. आपल्या सोंगाड्याला जे येतं ते सगळं त्या माणसाला येत असे. फरक इतकाच की तिथला कलावंत तोच तुकडा वीस-वीस वर्षं गावोगाव करत असे. प्रत्येक हुंकार, प्रत्येक थांबा हजारदा घासून गुळगुळीत झालेला असे. बोलपट आला आणि हे हॉल एकेक करून चित्रपटगृहं बनू लागले. कलावंत रिकामे होऊ लागले. निर्मात्याला हवा होता असा नट, जो कमी पैशांत येईल, ज्याला तालीम लागणार नाही, लेखकाने काही लिहिलं नसलं तरी जो दहा मिनिटं भरून काढेल. गरज दोन्हीकडची होती.

इथे ध्वनिमुद्रणाच्या अडचणीचाही मोठा हात आहे. सुरुवातीच्या बोलपटात कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरे, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना बंद खोकड्यात कोंडत. त्यामुळे कॅमेऱ्याचं फिरणं संपलं. मायक्रोफोन एका जागी टांगलेला, नटाने त्याच्या आसपासच उभं राहायचं. मोठ्या स्टुडिओंनी आवाज दाबणारी आवरणं आणि सरकते बूम लवकर मिळवले. फुटाला पौंडवाल्यांना ते परवडेपर्यंत वेळ गेला. तेव्हा त्यांनी साधा मार्ग धरला: कलावंताला उभं करायचं, कॅमेरा समोर ठेवायचा, 'चालू' म्हणायचं आणि रीळ संपेपर्यंत मध्ये पडायचं नाही. समीक्षकांनी याला नाटकाचं छायाचित्र म्हणून हिणवलं. पण म्युझिक हॉलच्या विदूषकाला हवं होतं ते नेमकं हेच. त्याचा विनोद वेळेवर चालतो. वाक्य संपल्यावर किती क्षण थांबायचं, भुवई कधी उचलायची, हे त्याच्या हातात असतं. ते संकलकाच्या कात्रीकडे गेलं की विनोद मरतो. पैसेवाल्या दिग्दर्शकाने तीन कोनांतून घेतलं असतं, जवळचे चेहरे मध्ये घातले असते, तुकडा कापून अर्ध्यावर आणला असता. गरीब दिग्दर्शकाकडे कापायला दुसरा शॉटच नव्हता, म्हणून तुकडा अख्खा राहिला.

याचं उत्तम उदाहरण ट्विकनहॅम स्टुडिओचा 'से इट विथ फ्लॉवर्स' हा १९३४चा चित्रपट. दिग्दर्शक जॉन बॅक्स्टर. लंडनच्या बाजारात फुलं विकणारं एक म्हातारं जोडपं, बायको आजारी, तिला समुद्राच्या हवेवर न्यायला पैसे नाहीत. म्हणून बाजारातली माणसं मदतीसाठी एक कार्यक्रम ठेवतात. कथा एवढीच. पण त्या कार्यक्रमात रंगमंचावर येतात मारी केंडल, फ्लोरी फोर्ड आणि चार्ल्स कोबर्न. कोबर्न यांचा जन्म १८५२चा, म्हणजे चित्रण झालं तेव्हा वय ऐंशीच्या पुढे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ज्या गाण्यांनी त्यांनी लंडनला वेड लावलं होतं, ती गाणी हा म्हातारा माणूस ताठ उभा राहून, काठी आणि टोपी सांभाळत, प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारत गातो. फ्लोरी फोर्ड बाईंचा आवाज तर असा की ध्रुवपद आलं की समोरच्याने तोंड उघडलंच पाहिजे. बॅक्स्टर कॅमेरा मध्येच प्रेक्षकांकडे वळवतात आणि बाजारातली माणसं गाताना दिसतात. म्युझिक हॉलच्या ऐन भरात बोलपट नव्हता. बोलपट आला तेव्हा ते कलावंत म्हातारे झाले होते. मधल्या त्या चिंचोळ्या फटीत हा फुलवाल्यांचा चित्रपट उभा आहे.

ट्विकनहॅम स्टुडिओबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या सगळ्या धंद्याचा तो कारखाना होता. जागा मुळात बर्फावर स्केटिंग करायच्या हॉलची. १९१३ साली तिथे स्टुडिओ झाला. जवळूनच रेल्वे जाते, त्यामुळे बोलपटाच्या काळात गाडीच्या वेळा सांभाळणं आलंच. मालक ज्युलियस हेगन. त्यांनी स्टुडिओ रात्रंदिवस चालवला. दिवसपाळीत बऱ्या खर्चाचे चित्रपट, रात्रपाळीत कोट्याचे. दिवसा उभारलेला दिवाणखाना मोडायच्या आत रात्री दुसऱ्या गोष्टीला वापरायचा. यात नटांचीही सोय होती. संध्याकाळी वेस्ट एंडच्या नाटकात काम करायचं, पडदा पडला की ट्विकनहॅमला यायचं आणि उजाडेपर्यंत चित्रीकरण. मायकेल पॉवेल यांचा 'लेझीबोन्स' हा १९३५चा चित्रपट असाच रात्रींत झाला. त्याचा नायक हा इतका आळशी सरदार की त्याला अंथरुणातून काढायचं हेच घरच्यांपुढचं मोठं काम. आळसाची ही गोष्ट ज्या माणसांनी रंगवली, त्यांनी त्या दिवसांत झोप किती घेतली असेल!

आता काही विदूषक. सगळ्यांना न्याय देणं शक्य नाही, म्हणून जे चित्रपटात विशेष उतरले तेवढेच घेऊ.

लेस्ली फुलर हा मार्गेटच्या समुद्रकाठचा माणूस. उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्या कामगारांपुढे त्याची 'पेडलर्स' ही मंडळी खेळ करत असे. चेहरा रबरासारखा, तोंड एवढं मोठं की हसलं की अर्धा चेहरा गायब. एल्स्ट्रीच्या ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्सने त्याला १९३०पासून चित्रपटात आणलं. पहिल्या महायुद्धावरचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा गंभीर अमेरिकन चित्रपट गाजला त्याच वर्षी फुलरचा 'नॉट सो क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आला, खंदकाच्या मागे सैनिकांना जेवण रांधणाऱ्या आचाऱ्याची गंमत सांगणारा. खंदकातून परत आलेले कित्येक पुरुष अजून चाळिशीतही नव्हते. त्या युद्धावर हसायला मिळणं ही त्यांची गरज होती. १९३२च्या 'द लास्ट कूपन'मध्ये तो खाणकामगार आहे. फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावायचं कूपन भरून आपण वीस हजार पौंड जिंकलो, अशी त्याची खात्री झाली आहे. ब्रिटनमध्ये त्या हिवाळ्यात तीस लाखांच्या घरात माणसं बेकार होती, आणि दर आठवड्याला ते कूपन भरणं हाच कित्येक घरांतला एकमेव आशेचा कागद होता. अशा वेळी प्रेक्षागृहात जे हसू उमटत असेल, त्याचा पोत निराळाच असणार.

बेकारीचा विषय फॉर्म्बीच्या दुसऱ्या चित्रपटात तर नावातच आहे. १९३५चा 'ऑफ द डोल'. डोल म्हणजे सरकारी बेकारभत्ता. जॉन विली कामचुकार ठरतो, त्याचा भत्ता बंद होतो आणि तो मामाची गुप्तहेर कचेरी चालवायला घेतो. १९३१पासून भत्ता देण्याआधी घरात कोण किती कमावतं याची चौकशी व्हायची, अधिकारी घरात शिरून सामानसुमान बघायचे. त्या चौकशीचा संताप उत्तर इंग्लंडात घरोघरी होता. हा संताप वेस्ट एंडच्या गुळगुळीत चित्रपटांत जवळपास आलाच नाही. ब्लेकलींच्या पुठ्ठ्याच्या भिंतींपुढे मात्र तो नावानिशी आला, विगनच्या उच्चारात.

उच्चाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. लंडनच्या रंगभूमीवरून आलेले नट एका ठरावीक उच्चभ्रू वळणाचं इंग्रजी बोलत. ब्रिटिश बोलपट हेच बोलतात, अशी अमेरिकेत आणि ब्रिटनच्या गावांतही तक्रार होती. यॉर्कशरचा सिडनी हॉवर्ड १९३१च्या 'अप फॉर द कप'मध्ये फुटबॉलचा अंतिम सामना बघायला लंडनला येतो, पैसे घालवतो, तिकीट घालवतो, बरोबरची मुलगीही हरवून बसतो. हळूहळू, शब्द चघळत बोलणारा तो माणूस राजधानीतल्या घाईपुढे बुचकळ्यात पडतो आणि प्रेक्षक मात्र त्याच्या बाजूने राहतो. याच कथेवर त्याच दिग्दर्शकाने, जॅक रेमंड यांनी, १९५० साली पुन्हा चित्रपट काढला. एर्नी लोटिंगा याचं जोसर हे पात्र तर त्याने रंगमंचावर वर्षानुवर्षं वापरलेलं. चित्रपटात जोसर कधी पोलिसात जातो, कधी आरमारात, कधी लष्करात, कधी शेतावर. जाईल तिथे साहेबाची फजिती ठरलेली.

मॅक्स मिलरची गोष्ट थोडी वेगळी. ब्रायटनचा हा विदूषक फुलाफुलांचा झगझगीत सूट घालून यायचा आणि प्रेक्षकांना विचारायचा की कुठल्या वहीतले विनोद सांगू, पांढऱ्या की निळ्या. निळ्या वहीतले चावट. उत्तर ठरलेलं असायचं. वॉर्नरने टेडिंग्टनला त्याचे चित्रपट काढले, पण सेन्सॉरपुढे निळी वही बंद ठेवावी लागली. राहिली ती त्याची गती. वाक्य संपायच्या आत तो पुढच्याला हात घालतो, समोरचा नट अवाक् होतो आणि ते अवाक् होणं खरं वाटतं. एडगर वॉलेसच्या कथेवरचा, घोड्यांच्या शर्यतीच्या टिपा विकणाऱ्या लंडनकराचा 'एज्युकेटेड एव्हन्स' (१९३६) हा त्याचा नावाजलेला चित्रपट. तो आज उपलब्ध नाही.

आणि आर्थर ल्यूकन. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात पुरुषाने स्त्री होणं याचं नवल नाही, पण ल्यूकनने जी स्त्री उभी केली ती सौंदर्यवती नव्हती. ती होती ओल्ड मदर रायली, शाल-टोपीतली, हाडकुळी, कपडे धुऊन पोट भरणारी आयरिश विधवा. तिच्या मुलीचं काम ल्यूकनची खरीखुरी बायको किटी मॅक्शेन करायची. 'ब्रिजेट्स नाइट आउट' या त्यांच्या तुकड्यात मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी येत नाही, आई वाट बघते, काळजी करते, चिडते, आणि ती आल्यावर भांडण असं पेटतं की घरातलं एकूण एक भांडं फुटतं. १९३६च्या 'स्टार्स ऑन परेड' या स्वस्तातल्या चित्रपटात तो तुकडा टिपला आहे. ल्यूकनचे हात बघत राहावे असे आहेत. कोपरापासून ते सतत उडत असतात, बोलणं थांबलं तरी हात भांडत राहतात. पुढच्या वर्षी 'ओल्ड मदर रायली' आला आणि ती मालिका १९५२पर्यंत चालली. ल्यूकन १९५४ साली हल शहरातल्या थिएटरात रंगमंचावर जायच्या आधी, विंगेतच कोसळले आणि गेले.

या चित्रपटांत वाईट खूप आहे, हे लपवायचं कारण नाही. कित्येकांत गोष्ट इतकी विरळ की तासाभराचा चित्रपट अडीच तासांचा वाटतो. बायकांना कजाग सासू किंवा बावळट मुलगी यापलीकडे काम मिळत नाही. अरब, आफ्रिकी, चिनी, हिंदी माणूस आला की तो खिल्ली उडवण्यापुरताच येतो. साम्राज्याची ती नजर गरीब विदूषकाच्या डोळ्यांतही होती, आणि आज ते बघताना घास कडू होतो. तेही त्या काळाचं मुद्रण आहे.

या चित्रपटांची बाजू घेणारे सहसा एक यादी देतात. लॉरेन्स ऑलिव्हिए अगदी सुरुवातीला जॉर्ज किंग यांच्या 'टू मेनी क्रूक्स' या १९३०च्या छोट्या विनोदी चित्रपटात होते. व्हिव्हियन ली 'द व्हिलेज स्क्वायर'मध्ये होती. एरल फ्लिन टेडिंग्टनहून हॉलिवूडला गेला. ट्विकनहॅमच्या 'द घोस्ट कॅमेरा'चं संकलन डेव्हिड लीन यांनी केलं. हे सगळं खरं आहे. पण नर्सरीतल्या रोपांची किंमत पुढे झालेल्या वृक्षांवरून करायची, तर जी रोपं तिथेच फुलली त्यांचं काय? लेस्ली फुलर पुढे कुणी झाला नाही. तो तेव्हाच जो व्हायचा तो होता.

यादीतलं एक नाव तरीही सोडता येत नाही, कारण त्याने इथे नुसती सुरुवात केली नाही, काम शिकलं. मायकेल पॉवेल. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी तेवीस चित्रपट काढले. पहिला 'टू क्राउडेड अवर्स', पाऊण तासाचा, पळालेला खुनी आणि त्याच्यामागे लागलेला एक बडबड्या टॅक्सीवाला. टॅक्सीवाला झाला होता जेरी व्हर्नो, बुटका, गोल चेहऱ्याचा लंडनकर. पॉवेलना तो इतका आवडला की पुढच्याच वर्षी 'हॉटेल स्प्लेंडाइड'मध्ये त्याला नायक केलं: एका कारकुनाला वारशात समुद्रकाठचं हॉटेल मिळतं, तो रुबाबात तिथे जातो, तर हॉटेल मोडकळीला आलेलं आणि जवळच एका चोराने मोती पुरून ठेवलेले. बावन्न-त्रेपन्न मिनिटांत पॉवेल मोती, चोर, म्हातारे रहिवासी आणि कारकुनाचं स्वप्न असं सगळं बसवतात. एका खोलीत आठ माणसं आणि एकच मायक्रोफोन असताना नजर कुठे न्यायची, हे त्यांनी अशा चित्रपटांत शिकून घेतलं.

कोट्याच्या त्या कायद्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 'ब्रिटिश' म्हणजे साम्राज्यातला, या व्याख्येने मुंबईच्या स्टुडिओत एतद्देशीय कंपनीने काढलेला चित्रपटही कायद्यापुरता ब्रिटिश ठरत होता. उलट बाजूने, हिंदुस्थानातही साम्राज्याच्या चित्रपटांना झुकतं माप द्यावं, असा विचार सुरू होता. १९२७ साली मद्रासचे वकील टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. दादासाहेब फाळके यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. कमिटीने साम्राज्याचा कोटा मान्य केला नाही. परदेशी चित्रपटाचा भडिमार वाईट असेल तर तो अमेरिकेहून आला काय आणि इंग्लंडहून आला काय, हिंदुस्थानला सारखाच, अशी तिची भूमिका होती. ही भूमिका घेतली गेली नसती, तर जोसर आणि फुलर यांची रिळं मुंबई-पुण्याच्या पडद्यांवरही सक्तीने फिरली असती.

ब्रिटनमध्ये १९३६ साली लॉर्ड मॉइन यांच्या समितीने कायद्याचा आढावा घेतला आणि १९३८ साली नवा कायदा आला. वितरकाच्या कोट्यात धरायच्या चित्रपटावर मजुरीपोटीच किमान ७,५०० पौंड खर्च झालेले हवेत, असं ठरलं. साम्राज्यातल्या इतर देशांचे चित्रपट हिशेबातून गेले. फुटाला पौंडचा धंदा बसला. हेगन त्याआधीच बुडाले होते: १९३५ साली ट्विकनहॅमला आग लागली, त्यांनी मोठ्या चित्रपटांच्या मागे लागून कर्ज वाढवलं, १९३७ साली सगळं कोसळलं आणि तीन वर्षांत ते वारले. टेडिंग्टनचा स्टुडिओ जुलै १९४४मध्ये उडत्या बॉम्बखाली सापडला.

रिळं गेली ती मात्र बॉम्बने कमी आणि दुर्लक्षाने जास्त. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पेट घ्यायला निमित्त पुरणारी, न पेटली तरी कुजणारी. कोट्याचं काम झालं की तिच्यातली चांदी काढून घेणं जास्त फायद्याचं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं संग्रहालय १९३५ साली स्थापन झालं, म्हणजे हे चित्रपट बनत असतानाच, पण पैसे थोडे आणि निवड कडक. 'आलम आरा'ची एकही प्रत हाती नसलेल्या देशात हे दुःख समजावून सांगावं लागू नये. २०१० साली इन्स्टिट्यूटने हरवलेल्या ७५ चित्रपटांची यादी जाहीर करून लोकांना माळे आणि गोदामं बघायला सांगितलं. 'एज्युकेटेड एव्हन्स' तीत आहे. 'द पब्लिक लाइफ ऑफ हेन्री द नाइन्थ' आहे. भुतांच्या चित्रपटांसाठी पुढे जगभर गाजलेल्या हॅमर कंपनीचा हा पहिला चित्रपट, आणि तो विनोदी होता: हेन्री हेन्री नावाचा लंडनच्या रस्त्यावरचा बेकार वादक. कंपनी काढणारे विल्यम हाइन्ड्स स्वतः हौशी विदूषक. 'हॅमर' हे त्यांचं रंगमंचावरचं नाव. 'टू क्राउडेड अवर्स'ही त्या यादीत आहे, म्हणजे व्हर्नोचा तो टॅक्सीवाला आज कुणाला बघता येत नाही.

व्हर्नो मात्र बघता येतो. १९४८ साली पॉवेल आणि त्यांचे जोडीदार प्रेसबर्गर यांनी 'द रेड शूज' काढला. टेक्निकलर, बॅले, मोठा खर्च, जगभर नाव. त्यात थिएटरच्या मागच्या दारावर एक दरवान आहे. येणाऱ्याजाणाऱ्या कलावंतांवर नजर ठेवतो, कुणाला आत सोडायचं, कुणाला थोपवायचं ते ठरवतो. काम मिनिटभराचं. गोल चेहरा, बुटका, बोलणं लंडनच्या गल्लीतलं. पॉवेलनी त्या दारावर उभं करायला जेरी व्हर्नोलाच बोलावलं होतं.